टाकून दिलेला सिद्धांत आणि चित्रकथेतील संशोधक : ‘योकाई हंटर’च्या निमित्ताने जपानी लोकविद्येच्या इतिहासाचा विचार

प्रास्ताविक

जपानमधील ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात १९७४ साली ‘योकाई हंटर’ ही चित्रकथामालिका सुरू झाली. मोरोहोशी दाइजिरो (जन्म १९४९) हे तिचे लेखक व चित्रकार. साप्ताहिक मुख्यतः शाळकरी मुलांचे. त्यात खेळ, मारामाऱ्या आणि विनोद यांची रेलचेल. अशा पानांत हिएदा रेइजिरो नावाचा एक पुरातत्त्वज्ञ अवतरला. लांब केस, काळा सूट आणि चेहऱ्यावर कायमचा गंभीरपणा. विद्यापीठीय वर्तुळाने त्याच्या विलक्षण मतांमुळे त्याला दूर ठेवले आहे. तो आडगावी जातो, तेथील थडगी, देवस्थाने आणि दंतकथा यांचा शोध घेतो आणि कोणत्याही संशोधनपत्रिकेत छापता येणार नाही असे काही तरी पाहून परततो. साप्ताहिकातील मालिका थोडेच आठवडे चालली. हिएदा मात्र टिकला. पुढील अनेक वर्षे मोरोहोशी यांनी त्याच्या कथा निरनिराळ्या नियतकालिकांतून लिहिल्या. शीर्षकात ‘हंटर’ असले तरी हा मनुष्य शिकार कशाचीच करीत नाही. तो पाहतो, जुन्या ग्रंथांशी ताडून पाहतो आणि बहुधा गप्प राहतो.

‘योकाई’ या जपानी शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. भूत म्हणजे मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा. योकाई ही त्याहून व्यापक कल्पना आहे. नदीतील ‘काप्पा’, डोंगरातील लांब नाकाचा ‘तेन्गू’, रूप पालटणारा कोल्हा, रात्री वाट अडविणारी अदृश्य भिंत, फार काळ वापरल्यामुळे सजीव झालेली छत्री, हे सर्व योकाईच. यानागिता कुनिओ (१८७५–१९६२) यांनी या दोहोंत एक उपयुक्त भेद केला होता. भूत ठरावीक व्यक्तीच्या मागे लागते, ती जाईल तेथे जाते. योकाई ठरावीक ठिकाणी राहते आणि तेथून जाणाऱ्या कोणालाही भेटते. म्हणजे योकाईचा अभ्यास हा प्रथमतः स्थळांचा अभ्यास असतो, आणि स्थळांचा अभ्यास म्हटला की इतिहास ओघानेच येतो.

मनोरंजनासाठी लिहिलेल्या या चित्रकथेकडे इतिहासाच्या अभ्यासकाने का पाहावे? जपानी लोकविद्या ही ज्ञानशाखा घडत असताना तिने एक मोठा प्रश्न हाती घेतला आणि पुढे बाजूला ठेवला. डोंगरात दिसणारे विचित्र जीव हे कल्पनेचे खेळ नसून इतिहासाने हुसकावून लावलेली माणसे असतील काय, हा तो प्रश्न. ज्ञानशाखेने टाकून दिलेला हा सिद्धांत चित्रकथेने उचलला, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. सिद्धांत खरा होता, असा याचा अर्थ नव्हे. तो का टाकला गेला आणि नंतर कोठे राहावयास गेला, हे पाहिल्याशिवाय त्या ज्ञानशाखेचा इतिहास पूर्ण होत नाही, एवढाच आग्रह आहे.

योकाईंचे प्राध्यापक

योकाईंचा शास्त्र म्हणून अभ्यास करणारे पहिले आधुनिक विद्वान म्हणजे इनोउए एन्र्यो (१८५८–१९१९). त्यांचा जन्म एचिगो प्रांतातील एका बौद्ध मंदिराच्या पुरोहित कुटुंबात झाला. तत्त्वज्ञानाचे शिक्षण तोक्यो विद्यापीठात झाले. १८८७ साली त्यांनी ‘तेत्सुगाकुकान’ ही तत्त्वज्ञानाची शिक्षणसंस्था स्थापन केली. आजचे तोयो विद्यापीठ ते हेच. मेइजी काळातील जपानला रेल्वे, तारायंत्रे आणि सक्तीचे शिक्षण हवे होते, आणि त्या जपानच्या खेड्यापाड्यांत अजून कोल्हे माणसांना झपाटत होते. लोकांच्या मनातील ही भीती निपटून काढल्याशिवाय राष्ट्र आधुनिक होणार नाही, अशी इनोउए यांची धारणा होती. त्यासाठी त्यांनी देशभर व्याख्याने दिली आणि ‘योकाईगाकु’ म्हणजे योकाईशास्त्र या विषयावर प्रचंड लेखन केले. लोक त्यांना ‘योकाई हाकासे’, योकाईंचे डॉक्टर, म्हणू लागले.

त्यांची पद्धत ‘कोक्कुरी’च्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तीन बांबूंच्या तिवईवर ठेवलेल्या झाकणाला हात लावून आत्म्याला प्रश्न विचारण्याचा हा खेळ १८८० च्या दशकात जपानभर पसरला होता. नावात कोल्हा, तेन्गू आणि तानुकी या तिन्ही प्राण्यांची चित्राक्षरे गोवून लोकांनी त्याला अस्सल देशी रूप दिले होते. इनोउए यांनी ठिकठिकाणची माहिती मागवून त्याचा माग काढला आणि हा मूळचा पाश्चात्त्य टेबल फिरविण्याचा खेळ असून शिमोदा बंदरात आलेल्या अमेरिकन खलाशांकडून तो पसरला, असा निष्कर्ष मांडला. तिवई हलते ती खेळणाऱ्यांच्या अपेक्षेमुळे आणि त्यांच्याही नकळत होणाऱ्या स्नायूंच्या हालचालीमुळे, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

इनोउए यांना केवळ भूतभंजक ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. चुकीच्या समजुतीतून उपजलेली योकाई, माणसांनी मुद्दाम रचलेली योकाई, नैसर्गिक कारणांनी भासणारी योकाई असे थर एकामागून एक काढून टाकल्यावर तळाशी ‘शिन्काई’ म्हणजे खरे गूढ उरते, असे ते मानीत. विश्वाचे असणे हेच त्यांच्या दृष्टीने ते गूढ होय. तोक्योच्या नाकानो भागात त्यांनी उभारलेल्या तत्त्वज्ञान उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी एका बाजूस तेन्गूची आणि दुसऱ्या बाजूस भुताची मूर्ती आहे. ज्यांना हाकलण्यात आयुष्य वेचले, त्यांनाच द्वारपाल नेमण्याची ही विनोदबुद्धी पुढच्या पिढीतील विद्वानांत क्वचितच आढळते.

तोनो येथील कथा आणि डोंगरातील माणसे

इनोउए यांच्या भूमिकेविषयी सर्वांत ठाम असमाधान यानागिता कुनिओ यांनी व्यक्त केले. योकाई आहेत की नाहीत हा प्रश्न त्यांना गौण वाटत होता. लोकांना ती दिसतात, निदान दिसत असत; तेव्हा त्यामागे लोकांचा कोणता भूतकाळ आहे, हे त्यांना हवे होते. यानागिता व्यवसायाने शासकीय अधिकारी होते. कृषी व वाणिज्य मंत्रालयात त्यांनी नोकरी सुरू केली, आणि तिच्यानिमित्ताने झालेल्या प्रवासात डोंगराळ खेड्यांशी त्यांचा संबंध आला. १९०८ च्या अखेरीस तोक्योमध्ये त्यांची गाठ सासाकी किझेन (१८८६–१९३३) या तरुणाशी पडली. सासाकी ईशान्येकडील तोनो भागातील. त्याने आपल्या गावच्या गोष्टी सांगाव्यात आणि यानागितांनी लिहून घ्याव्यात, असे सुरू झाले. त्यातून १९१० साली ‘तोनो मोनोगातारी’ हे ११९ लहान नोंदींचे पुस्तक निघाले. प्रती छापल्या ३५०.

या पुस्तकाच्या भाषेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. सासाकी आपल्या बोलीत सांगत होता. यानागितांनी ते आटोपशीर, अभिजात लेखी जपानीत उतरविले. त्यामुळे पुस्तकाला वाङ्मयीन तेज चढले आणि सांगणाऱ्याचा आवाज मात्र पार विझला. प्रस्तावनेत सासाकीचा उल्लेख आहे, तो प्रामाणिकपणे केलेला आहे. पण पुस्तकाचे लेखक यानागिता ठरले. सासाकीने पुढे स्वतः कथासंग्रह केले, प्रसिद्धही केले. तरीही आजवर बहुतेकांना तो ठाऊक आहे तो तोनोचा निवेदक म्हणूनच. स्थानिक जाणकार आणि राजधानीतील विद्वान यांच्यातील ही वाटणी पुढे चित्रकथेतही वारंवार दिसते.

‘तोनो मोनोगातारी’तील तिसरी नोंद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. एक शिकारी खोल डोंगरात जातो. तेथे खडकावर बसून लांब काळे केस विंचरणारी एक स्त्री त्याला दिसते. तो गोळी झाडतो, ती कोसळते. जवळ जाऊन पाहतो तो ती विलक्षण उंच, आणि केस तिच्या उंचीहूनही लांब. पुढे पुरावा म्हणून दाखविण्यासाठी तो तिचे थोडे केस कापून छातीशी ठेवतो. परतीच्या वाटेवर त्याला अनावर झोप येते. अर्धवट ग्लानीत एक उंच पुरुष जवळ येतो, त्याच्या छातीशी हात घालून ते केस काढून घेतो आणि निघून जातो. नोंद लिहिली गेली तेव्हा हा शिकारी सत्तरी ओलांडून हयात होता, असेही तेथे नमूद आहे. साक्षीदार आहे, त्याचे नाव-गाव आहे. पुरावा तेवढा नाही.

यानागितांनी हा पुरावा अन्य मार्गांनी शोधण्याचा प्रयत्न केला. १९१७ साली त्यांनी ‘यामाबितो-को’ म्हणजे डोंगरी माणसांविषयी विवेचन हे व्याख्यान दिले. आजचा जपानी समाज अनेक जनसमूहांच्या मिश्रणातून झाला आहे. भातशेती करणारे लोक द्वीपसमूहात पसरले तेव्हा आधीच्या रहिवाशांपैकी काही त्यांच्यात मिसळले, काही मारले गेले, काही डोंगरांत सरकले. आणि या शेवटच्या गटाचे वंशज फार अलीकडेपर्यंत तेथे वावरत होते, असा त्यातील युक्तिवाद होता. यासाठी त्यांनी आठव्या शतकातील ग्रंथांचा आधार घेतला. त्या ग्रंथांत राजसत्तेला न जुमानणाऱ्या अनेक समूहांचे उल्लेख येतात. त्यांपैकी एकाला ‘त्सुचिगुमो’ असे तुच्छतादर्शक नाव आहे. अक्षरशः अर्थ ‘भूकोळी’, मातीतला कोळी. इतिवृत्तांत ही माणसे आहेत. त्यांचे नायक आहेत, त्यांच्याशी लढाया होतात. चौदाव्या शतकातील चित्रगुंडाळीत मात्र त्सुचिगुमो म्हणजे वीर योद्ध्यांनी ठार केलेला महाकाय कोळी. पुढे नो नाटकात तो जाळी फेकीत रंगमंचावर येतो, आणि तोरियामा सेकिएन या चित्रकाराच्या अठराव्या शतकातील योकाई-संग्रहांत त्याला स्वतःचे पान मिळते. पराभूत माणसांचे राक्षस कसे होतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

या मताला सर्वांत तीव्र विरोध झाला तो मिनाकाता कुमागुसु (१८६७–१९४१) यांच्याकडून. लंडनमध्ये राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात अभ्यास केलेले, अनेक भाषा जाणणारे हे निसर्गशास्त्रज्ञ परतल्यावर वाकायामा प्रांतात राहत. यानागितांशी त्यांचा पत्रव्यवहार १९११ पासून चालू होता. स्वतः जंगलात फिरलेल्या या माणसाने, डोंगरी माणसे म्हणून सांगितली जाणारी प्रकरणे म्हणजे माकडे किंवा साधी डोंगरावर काम करणारी माणसे होत, असे खडसावले. यानागितांनी १९२६ च्या ‘यामा नो जिन्सेइ’ या पुस्तकात डोंगरी जीवनाचा विषय आणखी एकदा हाताळला, पण नंतर त्यांचे लक्ष डोंगरावरून सपाटीवर उतरले. ‘जोमिन’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणारा सामान्य माणूस त्यांच्या लोकविद्येचा केंद्रबिंदू झाला. योकाई म्हणजे पूजा थांबल्यामुळे पदच्युत झालेले देव, हे मत त्यांनी मांडले, आणि तेच पुढे प्रमाण मानले गेले. डोंगरात कोणी परके राहत होते, हा विषय मागे पडला.

असे का झाले? मिनाकातांची टीका हे एक कारण. मुराई ओसामु यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात दुसरे सुचविले. तैवान १८९५ पासून जपानची वसाहत होती. कोरिया १९१० मध्ये, ‘तोनो मोनोगातारी’च्याच वर्षी, विलीन करण्यात आला. जिंकलेल्या मूळ रहिवाशांचा प्रश्न यानागितांसारख्या अधिकाऱ्याच्या टेबलावरच होता, आणि एकजिनसी जपानी लोकांचे चित्र रंगविणे हा त्यापासून दूर जाण्याचा मार्ग होता, असे मुराई म्हणतात. हे म्हणणे काहीसे ताणलेले आहे. एका माणसाच्या बौद्धिक प्रवासाला एकच राजकीय किल्ली लावणे धोक्याचे असते. तथापि मुळात डोंगरी माणसांचे चित्र रेखाटताना तैवानच्या डोंगरांतील आदिवासी यानागितांच्या डोळ्यांसमोर होते, हे मात्र सहज पटण्यासारखे आहे.

१९७४ च्या आसपास

युद्धोत्तर काळात योकाईंना लोकप्रिय केले ते मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) यांनी. रबाऊलच्या आघाडीवर डावा हात गमावलेल्या या चित्रकाराची ‘गेगेगे नो कितारो’ ही मालिका १९६८ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि घराघरांत पोहोचली. त्यातील वाळू फेकणारी म्हातारी, बाळासारखा रडणारा म्हातारा, वाट अडविणारी भिंत आणि उडणारी कापडाची पट्टी ही चारही पात्रे यानागितांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या योकाई-नामसूचीतून आली आहेत. तेथे त्यांच्याविषयी चार-दोन ओळींची माहिती आहे. रूपाचे वर्णन जवळजवळ नाही. मिझुकी यांनी त्यांना चेहरे दिले. म्हणजे लोकविद्या आणि चित्रकथा यांचे नाते हिएदाच्या आधीच जुळले होते. पण मिझुकींच्या योकाई आपल्याशा वाटणाऱ्या, थोड्या शेजाऱ्यासारख्या आहेत. तेथे विद्वानाची गरज नाही.

विद्वान लागला तो १९७० च्या दशकात. याच सुमारास काही घटना एकत्र आल्या. योशिमोतो ताकाआकी यांच्या १९६८ च्या ‘क्योदो गेन्सोरोन’ या ग्रंथाने ‘तोनो मोनोगातारी’ आणि ‘कोजिकी’ ही दोन पुस्तके समोरासमोर ठेवून राज्यसंस्थेच्या उगमाची चर्चा केली, आणि विद्यार्थी चळवळीतील तरुणांनी ती पुस्तके पुन्हा उघडली. गावे ओस पडत चालली म्हणून १९७० मध्ये खास कायदा करावा लागला. १९७२ मध्ये आसुका येथील ताकामात्सुझुका थडग्यात रंगीत भित्तिचित्रे सापडली, आणि पुरातत्त्व हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानाचा विषय झाला. राजघराण्याची मानली गेलेली थडगी मात्र राजपरिवार कार्यालयाच्या ताब्यात होती आणि उत्खननाला बंद होती. १९७३ मध्ये तेलाचे संकट आले, नॉस्त्रादेमसच्या भविष्यांवरील पुस्तक हातोहात खपले. १९७४ मध्ये उरी गेलर जपानी दूरचित्रवाणीवर चमचे वाकवू लागला. शाळांतून मुले कागद आणि नाणे घेऊन ‘कोक्कुरी’ खेळू लागली. इनोउए यांनी ज्याचे विच्छेदन केले होते, तोच हा खेळ, नव्वद वर्षांनंतर. विज्ञानाने सर्व उत्तरे दिली आहेत हा विश्वास डळमळलेला, आणि गाव मागे टाकून आलेल्या पिढीला गावात काय राहून गेले याची हुरहुर; हिएदाचा जन्म या संधीवर झाला.

हिएदाची दोन प्रकरणे

हिएदा हे आडनाव जपानी वाचकाला चटकन ओळखू येते. ७१२ साली राजदरबारी सादर झालेल्या ‘कोजिकी’ या सर्वांत जुन्या उपलब्ध जपानी ग्रंथाच्या प्रस्तावनेत, जुन्या वंशावळी व आख्याने हिएदा नो आरे या व्यक्तीने मुखोद्गत केली होती आणि ओ नो यासुमारो यांनी ती लेखनबद्ध केली, असे सांगितले आहे. राजाज्ञेने जे पाठ झाले ते इतिहास ठरले. त्याच नावाचा विसाव्या शतकातील संशोधक मात्र राजाज्ञेच्या बाहेर राहिलेल्या गोष्टी गोळा करतो. नावाची ही निवड सहज झालेली नसावी.

पहिल्या प्रकरणात, ‘काळा शोधक’ या अर्थाच्या शीर्षकाच्या कथेत, विषय आहे हिरुकोचा. ‘कोजिकी’नुसार इझानागी व इझानामी या आदिदांपत्याचे हे पहिले अपत्य. ते जळवेसारखे, सदोष निपजले म्हणून वेताच्या नावेत घालून सोडून दिले गेले, आणि त्याची गणना त्यांच्या अपत्यांत होत नाही. पुढे मध्ययुगात हाच हिरुको समुद्रातून परत आलेला एबिसु म्हणून पूजला जाऊ लागला. जपानच्या सात भाग्यदेवतांत सरस्वतीपासून आलेली बेन्झाइतेन आणि महाकालापासून आलेला दाइकोकुतेन यांच्या शेजारी तो मासा घेऊन हसत बसलेला असतो. मोरोहोशी हा हसरा देव स्वीकारत नाहीत. गणनेतून वगळलेल्याचे पुढे काय झाले, हा त्यांचा प्रश्न आहे. एका प्राचीन थडग्याचा शोध घेणारा स्थानिक अभ्यासक मृत्युमुखी पडतो. हिएदा त्याचे काम पुढे चालवितो आणि थडगे हे कोणाला पुरण्यासाठी नव्हे, तर काही तरी कोंडून ठेवण्यासाठी बांधले असावे, या तर्काशी येऊन ठेपतो. बंद थडगी आणि त्यांचे सरकारी मौन यांच्याशी परिचित असलेल्या १९७४ च्या वाचकाला ही कल्पना कशी भिडली असेल, हे सांगावयास नको. याच मालिकेच्या आधारे त्सुकामोतो शिन्या यांनी १९९१ मध्ये ‘हिरुको’ हा चित्रपट केला. त्यातील धांदरट, उपकरणांनी लादलेला हिएदा मूळच्या पात्राहून फार वेगळा आहे, आणि अभ्यासकाच्या गांभीर्याची त्यात बरीचशी चेष्टा झाली आहे.

दुसरे प्रकरण ‘जीवनवृक्ष’ या अर्थाच्या शीर्षकाचे, १९७६ चे. मोरोहोशी यांच्या लेखनातील हे सर्वोत्कृष्ट मानता येईल. ईशान्य जपानमधील एका डोंगरी गावी गुप्त ख्रिस्ती परंपरा आहे. गावापासून तुटलेल्या एका वस्तीतील सर्व रहिवासी मंदबुद्धीचे असून त्यांचे वय कोणालाच सांगता येत नाही. त्यांच्यापैकी एकाला कोणी तरी क्रुसावर खिळून मारते. हिएदा आणि कॅथलिक धर्मगुरू तेथे पोहोचतात. गावच्या गुप्त परंपरेत बायबलच्या सृष्ट्युत्पत्तीची निराळी आवृत्ती असते. आदिमानव दोन होते. एकाने ज्ञानाचे फळ खाल्ले, त्याचे वंशज शहाणे आणि मर्त्य. दुसऱ्याने जीवनाचे फळ खाल्ले, त्याचे वंशज मूढ आणि अमर. पृथ्वी त्यांनी भरून जाईल या भयाने देवाने त्यांना पाताळात लोटले. या दुसऱ्या मानवाचे नाव जुसुहेरू. कथेच्या शेवटी ज्यांच्यासाठी कोणी तारणहार आलाच नव्हता, त्यांच्यासाठी तो येतो. २००५ मध्ये ‘किदान’ नावाने या कथेवर चित्रपट निघाला.

जुसुहेरू हे नाव मोरोहोशी यांनी मनाने घडविलेले नाही. जपानमध्ये १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. शिमाबाराचे बंड १६३७–३८ मध्ये मोडून काढण्यात आले. धर्मगुरू नाहीत, ग्रंथ नाहीत, अशा स्थितीत नागासाकी परिसरातील शेतकरी व कोळी यांनी दोनशेहून अधिक वर्षे हा धर्म मुखपरंपरेने राखला. १८६५ मध्ये त्यांच्यापैकी काही जण नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये फादर पेतिझाँ यांच्यासमोर प्रकट झाले. बंदी उठली १८७३ मध्ये. या लोकांनी जपलेले ‘तेन्ची हाजिमारी नो कोतो’, म्हणजे स्वर्ग व पृथ्वी यांच्या आरंभाची कथा, हे आख्यान विसाव्या शतकात ताकिता (तागिता) कोया यांच्या क्षेत्रीय अभ्यासामुळे विद्वानांसमोर विस्ताराने आले. त्यात ल्यूसिफरचा जुसुहेरू झालेला आहे. पोंतियस पायलेटची दोन वेगळी माणसे झाली आहेत. मारियाला लुझोनचा राजा मागणी घालतो. बंदी उठल्यावर आलेल्या मिशनऱ्यांना हे बिघडलेले ख्रिस्ती धर्मज्ञान वाटले. या लोकांपैकी अनेकांनी कॅथलिक चर्च स्वीकारले, तर काहींनी आपली वडिलोपार्जित रीत सोडली नाही.

मोरोहोशी यांनी येथे दोन बदल केले. नागासाकीची परंपरा त्यांनी ईशान्येस नेली. ऐतिहासिकदृष्ट्या हे सर्वस्वी निराधार नाही, कारण सेन्दाईच्या परिसरातही सतराव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती होते आणि १६२४ मध्ये तेथे त्यांचा छळ झाला. आओमोरी प्रांतातील हेराई (आजचे शिंगो) या गावी १९३५ पासून येशूची कबर दाखविली जाते. ती कथा बनावट कागदपत्रांवर उभी आहे, पण ईशान्येच्या डोंगरात काहीही लपलेले असू शकते, या जनसमजुतीची ती निदर्शक आहे. दुसरा बदल अधिक खोल आहे. परंपरेतील जुसुहेरू हा पूजा मागणारा, मोहात पाडणारा दूत आहे. मोरोहोशी यांनी त्याला मानवांच्या एका विसरलेल्या शाखेचा पूर्वज केले. एका देशात दोन मानववंश, त्यांपैकी एक सपाटीवरचा आणि इतिहास असलेला, दुसरा डोंगरात ढकललेला आणि इतिहास नसलेला. १९१७ च्या व्याख्यानाचाच हा सांगाडा आहे. त्यावर बायबलचे वस्त्र चढविलेले आहे.

हिएदाच्या कथांचा शेवट बहुधा एकाच रीतीने होतो. थडगे बंद होते, माणसे नाहीशी होतात, जागा रिकामी राहते. हिएदाने पाहिलेले असते, पण त्याच्या हाती काही उरत नाही. भयकथेचा हा रूढ संकेत आहे असे म्हणून सोडून देता येईल. पण ‘तोनो मोनोगातारी’तील शिकाऱ्याच्या छातीवरून काढून नेलेले केस आठवले की त्याचा निराळा अर्थ लागतो. इतिहासशास्त्राची अट पुराव्याची आहे आणि ती रास्तच आहे. परंतु ज्यांनी लिहिले नाही, ज्यांच्याविषयी शत्रूंनी लिहिले आणि जे कोळी किंवा जळू ठरले, त्यांचा पुरावा कोठून यावा? मोरोहोशी या अटीशी भांडत नाहीत. हिएदा कधीही आपल्या अनुभवाच्या बळावर सिद्धांत सिद्ध झाल्याचे जाहीर करीत नाही. १९७०–८० च्या दशकांतील गूढवादी पुस्तकांचे लेखक नेमके तेच करीत होते, आणि याच बाबतीत ही चित्रकथा त्यांच्यापेक्षा अधिक प्रामाणिक ठरते.

‘योकाई हंटर’च्या पाठोपाठ मोरोहोशी यांनी १९७६ मध्ये ‘आन्कोकु शिन्वा’ लिहिली. तीत यामातो ताकेरूच्या आख्यानाबरोबर आत्मन् आणि ब्रह्मन् या उपनिषदांतील संकल्पना आणि हयग्रीवाचे जपानी रूप असलेला बातो कान्नोन यांची गुंफण आहे. भारतीय वाचकाला तिच्यातील ब्रह्मन् ओळखू येणे कठीण आहे. ती एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल.

हिएदानंतर

पुढील काळात संशोधक-नायकाच्या चित्रकथांची परंपराच निर्माण झाली. होशिनो युकिनोबु यांचे प्राध्यापक मुनाकाता हे त्यांतील सर्वांत प्रतिष्ठित. टक्कल, झगा, काठी असा हा भारदस्त गृहस्थ दंतकथांमागे लोहविद्येच्या प्रसाराचा इतिहास शोधतो. तो बहिष्कृत नाही, विद्यापीठात शिकवितो. भयही येथे पातळ झाले आहे. २००९ च्या अखेरीस ब्रिटिश म्युझियमने या प्राध्यापकाच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. त्याच संस्थेच्या वाचनकक्षात हाणामारी केल्यामुळे १८९८ मध्ये मिनाकातांना प्रवेशबंदी झाली होती. मुनाकाता आणि मिनाकाता या नावांतील साम्य जाणत्या वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

यानागितांचा प्रश्न नाव घेऊन मांडला तो ओत्सुका एइजी (जन्म १९५८) यांनी. ते स्वतः त्सुकुबा विद्यापीठात लोकविद्या शिकलेले. १९९० च्या दशकात त्यांनी लिहिलेल्या ‘होकुशिन देन्की’ या चित्रकथेचा नायक हा डोंगरी माणसांचा विषय न सोडल्यामुळे यानागितांनी दूर केलेला शिष्य दाखविला आहे. हिएदाच्या कथांत जे सूचित होते ते येथे उघड झाले. कलाकृती म्हणून त्यात जेवढे स्पष्ट झाले तेवढे कमी झाले, असेही म्हणता येईल.

ज्ञानशाखाही स्थिर राहिली नाही. कोमात्सु काझुहिको (जन्म १९४७) यांनी १९८० च्या दशकापासून यानागितांच्या पदच्युत देवांच्या सिद्धांताची मूलगामी चिकित्सा केली. देवाचा योकाई होतो तसा योकाईचाही देव होतो. पूजा झाली की देव, न झाली की योकाई, असे त्यांचे म्हणणे. क्योतो येथील आंतरराष्ट्रीय जपानविद्या संशोधन केंद्रात त्यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये अद्भुत घटना व योकाई यांच्या परंपरांचा माहितीकोश संगणकावर सर्वांसाठी खुला झाला. लोकविद्येच्या नियतकालिकांत विखुरलेल्या तीस हजारांहून अधिक नोंदी त्यात आहेत. योकाईचे नाव, प्रांत आणि मूळ लेखाचा संदर्भ अशी प्रत्येकीची मांडणी आहे. यानागितांनी १९१७ मध्ये ज्यांना जपानचे आधीचे रहिवासी म्हणून इतिहासात आणू पाहिले, ते डोंगरातील पुरुष आणि डोंगरातील स्त्रिया या कोशात सापडतात. काप्पा आणि तेन्गू यांच्याबरोबर, योकाई म्हणून.